पावसाची खतावणी

मृग लागला की खडवलीच्या फलाटावर एकच प्रश्न ऐकू येतो. कल्याणकडे निघालेली चाकरमानी मंडळी, पाट्या घेऊन बाजाराला चाललेल्या बायका, आसनगावकडून आलेला एखादा जुना वर्गमित्र, सगळे एकमेकांना विचारतात, ‘‘यंदा कसा म्हणतात?’’ कर्ता सांगावा लागत नाही. पाऊस कसा आहे, असे कुणी विचारत नाही. कसा म्हणतात, असे विचारतात. हे म्हणणारे कोण आणि ते कशाच्या आधारावर म्हणतात, याची चौकशी करायला मला मात्र अर्धे आयुष्य लागले.

आमच्या लहानपणी म्हणणारे एकच होते, पंचांग. वडील कल्याणला रेल्वेत नोकरी करीत आणि भातसेच्या काठचे भाताचे दोन तुकडे सांभाळीत. वैशाखात राब भाजून झाला, की संध्याकाळी ओसरीवर बसून ते नक्षत्रांची वाहने मोठ्याने वाचीत. मृगाला गाढव, आर्द्राला बेडूक, पुनर्वसूला म्हैस. बेडूक किंवा म्हैस आली की आई समाधानाने मान हलवी. पुढे कळले, की हे वाहनही गणितानेच निघते. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो, त्या वेळी त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे. एक उरला तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, काहीच उरले नाही तर हत्ती. भागाकार चोख असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की गेल्या वर्षीच्या हत्तीने प्रत्यक्षात किती पाणी ओतले, हे यंदाच्या पंचांगात छापलेले मी कधी पाहिले नाही. बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे खुपते. जमेची बाजू आहे, नावेची नाही, आणि ताळा तर कधीच घेतलेला नाही.

गणिताने पाऊस सांगण्याच्या दुसऱ्या प्रकाराशी माझी ओळख झाली ती पुण्यात, बसमध्ये. १९८० नंतरच्या दशकात बँकेच्या प्रशिक्षणासाठी काही आठवडे तिथे होतो. शिवाजीनगरला वाहक ओरडला, ‘‘सिमला ऑफिस!’’ पुण्यात सिमला कुठून आले, म्हणून शेजारच्या गृहस्थांना विचारले. पुणेकराला माहिती विचारली, की ती माहिती आपल्याला आधीच असायला हवी होती, अशा चेहऱ्याने दिली जाते. तशीच ती मिळाली. हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याचे मुख्यालय पूर्वी शिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्याला आले. दगडी इमारत उभी राहिली आणि मागचे नाव नव्या जागेला चिकटले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी खात्याचे मोठे काम पुण्यात राहिले आणि बसथांब्याचे नावही राहिले.

या खात्याच्या जन्माला दुष्काळाची पार्श्वभूमी आहे. १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले आणि दोनच वर्षांत, १८७७ साली, पाऊस रुसला. दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. पुढचा दुष्काळ आधी कळेल काय, असे सरकारने ब्लॅनफर्डना विचारले. त्यात कळवळा किती आणि सारावसुलीची काळजी किती, हे प्रमाण ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावे. हिमालयावर हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडले तर पुढचा मोसमी पाऊस हात आखडता घेतो, असे ब्लॅनफर्डना दिसले होते. त्या जोरावर १८८२ ते १८८५ अशी चार वर्षे त्यांनी चाचणी घेतली आणि ४ जून १८८६ रोजी पहिला रीतसर अंदाज दिला.

त्यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागरावरचा वायुभार आणि वारे घेतले. अंदाज लांबलचक होऊ लागले. मग १८९९ उजाडले. इलियट यांनी चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि गुजरात-राजस्थानात आजही ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांनी सडकून टीका केली. यावर सरकारी उपाय असा निघाला, की पुढची काही वर्षे अंदाज गोपनीय करून फक्त अधिकाऱ्यांना दाखवायचा. हिशेब जुळत नसेल तर वही कपाटात ठेवायची, ही रीत काही आपल्याच कचेऱ्यांनी शोधलेली नाही.

१९०४ साली इलियट यांच्या खुर्चीवर गिल्बर्ट वॉकर बसले. हे गृहस्थ हवामानाचे नव्हतेच. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८८९ साली पहिले आलेले, बूमरँग फेकून त्याच्या उड्डाणाचे गणित मांडणारे, बासरीची आवड असलेले. ढगांकडे पाहून त्यांना काही सांगता येणार नव्हते. त्यांनी आकड्यांकडे पाहिले. जगभरच्या वेधशाळांची नोंदबुके जमवली आणि विचारले, की मे महिन्यापर्यंत जगात कुठे काय घडले असता जूननंतर हिंदुस्थानात पाऊस कमी किंवा जास्त झाला? कारण नंतर शोधू. आधी जोडी सापडते का पाहू.

हे गणित समजून घेतले तेव्हा मला आमची सहामाही आठवली. तीस जून आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री शाखेत दिवे जळत राहत. लेजरमधल्या शेकडो खात्यांच्या शिलकांची बेरीज मुख्य खतावणीशी जुळवायची. ती पहिल्या फटक्यात कधीच जुळत नसे. फरक निघाला, की हेडक्लार्क आधी त्याला नऊने भागून पाहत. भाग गेला, तर कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असण्याचा संभव. मग तशी उलटसुलट नोंद शोधायची. (पंचांगातला नऊ आणि हा नऊ यांचा काही संबंध नाही, पण रात्री दोन वाजता असे विचार सुचतात.) वॉकर यांच्या शिमल्याच्या कचेरीत अशा रात्रींचे दिवस केलेले होते. मॉरिशसचा तीस वर्षांचा मेमधला वायुभार घ्यायचा, सरासरी काढायची, प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक लिहायचा. पावसाचेही तसेच. मग प्रत्येक वर्षाच्या दोन फरकांचा गुणाकार, प्रत्येक फरकाचा वर्ग, बेरजा, वर्गमूळ, भागाकार. उत्तर एकच आकडा, उणे एक ते अधिक एक यांच्यामधला. शून्याजवळ आला तर दोन गोष्टींचा संबंध नाही. टोकाकडे गेला तर आहे. मी कागदावर मोजून पाहिले. तीस वर्षांच्या एका जोडीसाठी साठ वजाबाक्या, तीस गुणाकार आणि साठ वर्ग, म्हणजे दीडशे पायऱ्या, त्याही बेरजा सोडून. अशा शेकडो जोड्या तपासल्या गेल्या. करणारे हिंदी कारकून होते. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हे तेव्हा यंत्राचे नव्हे, असल्या माणसांच्या हुद्द्याचे नाव होते. शोधनिबंधावर नाव वॉकरसाहेबांचे असे.

त्या राशीतून १९०९ साली एक सूत्र बाहेर आले. हिमालयातले बर्फ, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतला वायुभार आणि झांजिबारचा पाऊस, हे चार आकडे घाला आणि हिंदुस्थानचा पाऊस काढा. आर्जेंटिना-चिलीकडे हवेचा भार वाढला, की आमच्याकडे पाऊस बरा होणार, हे ऐकून तेव्हाच्या सुशिक्षितांनाही हसू आले असेल. गाढव आणि बेडूक काय वाईट होते?

पण इथेच वॉकर पंचांगापासून वेगळे होतात, आणि माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. १९१४ साली त्यांनी आपल्याच पद्धतीविरुद्ध सावधगिरीची सूचना लिहिली. पुष्कळ जोड्या तपासल्या, तर त्यांतल्या काही निव्वळ योगायोगाने जुळलेल्या दिसणारच. आमच्या वाडीतल्या शंभर घरांची वीजबिले पावसाशी ताडून पाहिली, तर एखाद्याचे बिल पावसाशी हुबेहूब जुळेल; म्हणून दरसाल त्या घरमालकाला जाऊन मॉन्सून विचारायचा नसतो. किती जोड्या तपासल्या हे लक्षात घेऊन सर्वांत मोठ्या आकड्याची किंमत कमी धरा, असे त्यांनी गणिताने सांगितले. एवढे भान असूनही त्यांची काही सूत्रे पुढच्या दशकांत ढिली पडली. जोडी आकड्यांत दिसते, पण ती का आहे हे माहीत नसले, की ती केव्हा तुटेल हेही कळत नाही.

शोध मात्र वेगळाच लागला. पावसाच्या मागे लागलेल्या वॉकरना दिसले, की प्रशांत महासागरावर वायुभार चढला, की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलट. हजारो मैल लांबीचा हा झोका. १९२४ च्या सुमारास त्यांनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ असे नाव दिले आणि त्याच वर्षी ते विलायतेला परतले. त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांना हवे तसे मिळाले नव्हते. ‘एल निनो’ हा शब्द आज आमच्या फलाटावरचा भाजीवालाही उच्चारतो. त्याचे अर्धे मूळ शिमल्याच्या त्या बेरजांत आहे.

वॉकरांच्या या घराण्यातली पुढची पिढी मी स्वतः पाहिली. १९८८ साली वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे सूत्र तयार केले. हिमालयाचे बर्फ त्यात होतेच. आर्जेंटिनाचा वायुभारही होता. संगणक आला होता, पण पद्धत जुनीच, जोड्या जुळवण्याची. १९८९ ते २००१ सलग तेरा वर्षे देशाचा पाऊस सर्वसाधारण राहिला, अंदाजही तसेच होते, आणि आम्हा सर्वांचा विश्वास बसला.

२००२ साली मी सोलापूर जिल्ह्यात एका शाखेचा व्यवस्थापक होतो. मेअखेरीस अंदाज आला, सरासरीच्या १०१ टक्के. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक साठीचे शेतकरी पीककर्जासाठी आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. कागद पुरे झाल्यावर त्यांनी सहज विचारले, ‘‘सायेब, खरीप धरू का रान तसंच ठिवू शाळूला?’’ तिकडची जुनी रीत अशी, की शंका असेल तर पावसाळ्यात रान मोकळे ठेवायचे, ओल मुरू द्यायची आणि नंतर ज्वारी पेरायची. मला हे ठाऊक होते. समोर वर्तमानपत्र होते. मी म्हणालो, ‘‘तात्या, यंदा एकशे एक टक्के आहे. धरा की.’’ त्यांनी बाजरी आणि तूर धरली.

त्या वर्षी जुलैमध्ये देशभर जेमतेम निम्मा पाऊस झाला. हंगाम संपला तेव्हा सरासरीच्या ८१ टक्के भरले होते. तात्यांची बाजरी वीतभर होऊन वाळली. रानातली ओलही गेली, त्यामुळे शाळूही बेताचाच आला. पुढच्या उन्हाळ्यात कर्जाचे पुनर्गठन करायला आले, तेव्हा दोनपैकी एक बैल विकलेला होता. सही करता करता ते म्हणाले, ‘‘सायेब, ते एकशे एक टक्के कुठं पडलं वो?’’

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. अंदाजाच्या आकड्यापुढे अधिक-उणे चार छापलेले होते. ते मी सांगितले नव्हते. हा सबंध देशाचा, चार महिन्यांचा आकडा आहे, तुमच्या शिवाराचा नाही, हेही सांगितले नव्हते. अंदाज चुकला हे खरे, पण तो बरोबर आला असता तरी तात्यांच्या रानाबद्दल त्याने काहीच म्हटले नव्हते. बिलाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहायची आपली जुनी पद्धत आहे. ती ओळ गाळून मी आकडा त्यांच्या हातात दिला. ही चूक हवामान खात्याची नव्हे, व्यवस्थापकाची.

खात्याने २००३ साली ते सूत्र बाजूला ठेवून नवी घेतली, आणि ते जाहीरपणे केले. कपाटात ठेवले नाही. मी काय केले? ‘कुठं’ या शब्दाने मला बरीच वर्षे छळले आणि त्या छळातून वाचत गेलो. वाचताना कळले, की त्या प्रश्नाकडे जाणारा एक दुसरा रस्ता होता आणि तो वॉकर खुर्चीवर बसले त्याच वर्षी, १९०४ साली, आखला गेला होता.

नॉर्वेच्या विल्हेल्म बर्कनेस यांनी म्हटले, की जोड्या कशाला शोधायच्या? हवा हा पदार्थ आहे. तिची गती, दाब, तापमान, ओलावा यांना भौतिकशास्त्राचे नियम लागू आहेत. आजची स्थिती नीट मोजा, नियम लावा, उद्याची स्थिती निघेल. बँकेच्या भाषेत सांगायचे तर वॉकर गिऱ्हाइकाचे जुने पासबुक पाहून तो हप्ता भरेल की नाही हे ठरवीत होते. बर्कनेस म्हणत होते, आजची शिल्लक आणि व्याजाचा दर द्या, उद्याची शिल्लक काढून देतो.

हे प्रत्यक्ष करून पाहिले एका इंग्रज गणितज्ञाने, लुइस फ्राय रिचर्डसनने. तो क्वेकर पंथाचा, युद्धाला विरोध करणारा. बंदूक घेतली नाही, पण पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींची गाडी चालवायला गेला. फेऱ्यांमधल्या विश्रांतीत तो २० मे १९१० या दिवसाचे हवामान काढीत बसे. पृथ्वीवर बुद्धिबळाच्या पटासारखे सुमारे दोनशे किलोमीटरचे चौकोन कल्पायचे आणि प्रत्येक चौकोनात हवेचे थर. युरोपच्या मध्यावरच्या दोन चौकोनांपुरता, फक्त सहा तासांचा बदल काढायला त्याला सहा आठवडे लागले. १९१७ च्या एप्रिलमध्ये लढाईच्या धामधुमीत हस्तलिखित मागे पाठवले ते हरवले. काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

आणि उत्तर? वायुभार सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी तो जवळपास जागचा हललाही नव्हता. मोठमोठ्या वादळांच्या पोटातही दाब एवढा क्वचितच बदलतो. दुसऱ्या कुणी हे कागद कोळशाच्या ढिगाखालीच राहू दिले असते. रिचर्डसनने १९२२ साली पुस्तक छापले आणि त्यात हे चुकलेले उदाहरण पायरीपायरीने, तक्त्यांसह दिले. कुणालाही ताळा घेता यावा, असे.

म्हणूनच चूक सापडली. सूत्रे बरोबर होती, बेरजाही सर्वसाधारणपणे बरोबर होत्या. चूक सुरुवातीच्या शिलकेत होती. वारा आणि वायुभार यांची मोजमापे एकमेकांशी थोडी विसंगत होती. ती विसंगती गणिताने इमानाने पुढे नेली आणि फुगवली. आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी अनेक दशकांनी तेच आकडे आधी नीट समतोल करून त्याच पद्धतीत घातले, तेव्हा उत्तर समंजस आले. सहामाहीच्या रात्री ज्याने मागच्या पानावरून पुढे आणलेली रक्कमच चुकीची लिहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

त्या पुस्तकात रिचर्डसनने एक स्वप्नही लिहिले आहे. प्रचंड गोल नाट्यगृह, भिंतींवर जगाचा नकाशा, त्यात ६४,००० माणसे आपापल्या तुकड्याचे गणित करीत बसली आहेत. मधल्या उंच मनोऱ्यावर एक प्रमुख. जो भाग पुढे धावतो त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडतो त्याच्यावर निळा. एवढी माणसे हवेच्या बरोबरीने कशीबशी चालतील, असा त्याचा हिशेब. मला त्या चित्रात आमचा हेडक्लार्क दिसतो. प्रकाश टाकण्याऐवजी तो टेबलावर पेन्सिल आपटीत असे.

१९२० साली हवामान कचेरी हवाई खात्याकडे गेली, तेव्हा रिचर्डसनने राजीनामा दिला. १९५० साली अमेरिकेत एनिअक या संगणकावर त्याच रस्त्याने, पण सोपी केलेली सूत्रे वापरून, पहिले यशस्वी अंदाज निघाले. चोवीस तासांचे हवामान काढायला सुमारे चोवीस तास लागले. रिचर्डसन तेव्हा हयात होता. ही बातमी त्याला कळली आणि तो आनंदला. आणि १९६९ साली बर्कनेस यांचे चिरंजीव जेकब यांनी वॉकरच्या झोक्यामागचे कारण सांगितले. प्रशांत महासागराचे पाणी तापते-निवते आणि त्याबरोबर वरच्या हवेचे चक्र बदलते. त्या चक्राला त्यांनी नाव दिले वॉकर यांचे. बापाने आखलेल्या रस्त्यावरून येऊन मुलाने शेजारच्या रस्त्यावरच्या माणसाला असा मान दिला.

आता तात्यांचा ‘कुठं’. रिचर्डसनच्या एका चौकोनात मुंबई, पुणे, नाशिक आणि मधली आमची खडवली, सगळे एकत्र मावेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. दोन्ही एकाच चौकोनातले. मी तोवर बदलून कल्याणला आलो होतो. ती रात्र शाखेतल्या टेबलावर झोपून काढली आणि दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत निघालो. चौकोन त्यानंतर पुष्कळ लहान झाले आहेत, पण पावसाला आमच्या शिवाराएवढा चौकोन लागतो.

निवृत्तीनंतर अंगणात पर्जन्यमापक बसवला आहे. वेधशाळेच्या शिस्तीने सकाळी साडेआठला पाणी मोजतो. बँकेतून येताना एक कोरे जुने लेजर रीतसर मागून आणले होते. त्यात तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष, तिसऱ्यात फरक. तिसरा रकाना लाल शाईने. शेजारचा मुलगा मोबाइलवर ढगांचे चित्र दाखवून मला वेड्यात काढतो. परवा त्याच्या मोबाइलवर ठाणे जिल्हा नारिंगी होता, अतिवृष्टीचा इशारा. रात्रभर पत्रे वाजण्याची वाट पाहिली. सकाळी मापकात बारा मिलिमीटर निघाले. दुपारच्या गाडीने वासिंदहून आलेला मित्र म्हणाला, ‘‘आमच्याकडे ओढा रस्त्यावर आला होता.’’ मी त्याला किती मिलिमीटर, असे विचारले. तो म्हणाला, ‘‘मोजतोय कोण?’’ दुसरा पर्जन्यमापक मागवला आहे, त्याच्या गच्चीसाठी.